वाणात दिलेली शीव

दोन देशांत वैर असेल तर सरहद्दीची फारशी अडचण नसते. वैरी माणूस नीटनेटका असतो. तो तारेचं कुंपण घालतो, खांबांना नंबर देतो आणि आपलं कुठे संपतं हे त्याला झोपेतही ठाऊक असतं. घोळ होतो तो मैत्रीत. मित्रराष्ट्रं एकमेकांना मिठ्या मारतात, आणि मिठीत असताना कोणाचा पाय कोणाच्या हद्दीत आहे हे खाली वाकून बघणं बरं दिसत नाही. म्हणून जगातले सगळ्यांत चिवट सीमावाद एकमेकांवर जीव असलेल्या सरकारांमध्ये असतात, असं माझं मत आहे. (मी राज्यशास्त्र शिकलेली नाही. पण मला दोन नणंदा आणि तीन जावा आहेत.)

आमच्या चाकणच्या पट्ट्यात अशा मित्रराष्ट्रांना व्याही म्हणतात.

कुरुळीची शीव संपून शेजारच्या गावाची सुरू होते, तिथे मालोजीराव आणि भिमाजीआण्णा यांच्या जमिनी एकमेकींना चिकटून आहेत. जमिनी म्हणजे आता खोल्या. पूर्वी तिथे कांदा व्हायचा, आता कामगार होतात. दोघांनीही काळाची पावलं ओळखून शेतात खोल्यांच्या रांगा उभ्या केल्या, आणि त्याच उत्साहात मालोजीरावांचा कुलदीप आणि भिमाजीआण्णांची दीपमाला यांचं लग्नही उरकून घेतलं. व्याहीभेटीत दोघांनी एकमेकांना उचलायचा प्रयत्न केला, दोघांचीही कंबर धरली, आणि मैत्रीचा करार असा कायमचा पक्का झाला.

दोन रांगांच्या मध्ये एक तिकोनी तुकडा उरला. गावांची शीव या तुकड्याच्या अलीकडून जाते की पलीकडून, हे सांगणारा एक जुना दगड तिथे होता. लग्नात पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा सपाट करायची म्हणून दोघांनी मिळून जेसीबी लावला, आणि जेसीबीने दगड नेला. मैत्रीतून झालेल्या विकासकामांत अशा किरकोळ वस्तू जातातच.

या तुकड्यावर दीपमालाने पाळणाघर काढलं. इथल्या खोल्यांत राहणाऱ्या बायका कंपन्यांत जातात, पहिल्या शिफ्टची बस उजाडायच्या आत येते, आणि सासू, आई, आजी या गोष्टी दूर गावी राहिलेल्या असतात. मालोजीरावांची भाडेकरू तनुजा लातूरकडची. ती वायरिंगच्या कंपनीत, तिचा नवरा सुजित शेजारच्या कंपनीत, आणि दोन्ही कंपन्यांनी फार विचार करून दोघांना एकच शिफ्ट दिलेली. त्यांची तीन वर्षांची सोनू दीपमालाकडे असायची. अशी आणखी सात-आठ लेकरं. तनुजाला ठेकेदाराने सांगून ठेवलं होतं की अजून एक खाडा झाला तर गेटपास बंद. तेव्हा पाळणाघर उघडं असणं ही तनुजाच्या दृष्टीने नोकरीची पहिली अट होती. कंपनीच्या कागदात ती लिहिलेली नव्हती, एवढंच.

दोन्ही सरकारांनी पाळणाघराला सढळ हाताने मदत केली. खांब भिमाजीआण्णांनी दिले, पत्रे मालोजीरावांनी. (एकाने दोन्ही दिलं असतं तर शेड त्याची ठरली असती.) पाण्याच्या पिंपावर ‘मालोजीराव यांच्या सौजन्याने’ असं रंगवून आलं. आठवड्याभरात पंखा आला. त्याच्या तिन्ही पात्यांवर ‘भिमाजीआण्णांकडून सप्रेम’ लिहिलेलं होतं, त्यामुळे पंखा बंद असल्याशिवाय देणाऱ्याचं नाव वाचता येत नसे आणि भिमाजीआण्णा भेट द्यायला आले की लेकरं घामाघूम होत. सोनू अक्षरं शिकली ती या मदतीवरूनच. तिला ‘आई’ लिहिता येण्याआधी ‘सौजन्य’ ओळखता येऊ लागलं.

आता वाटाघाटींकडे वळू.

वाटाघाटींना तटस्थ जागा लागते. मालोजीरावांच्या ओट्यावर बसलं तर भिमाजीआण्णा पाहुणे ठरतात, आणि पाहुण्याला भांडता येत नाही. भिमाजीआण्णांच्या हॉलमध्ये बसलं तर मालोजीराव पडले मुलाकडचे. त्यांना आधी टॉवेल-टोपी, मग नाश्ता, मग नाश्ता कमी खाल्ल्याबद्दल रुसवा, आणि तोवर दुपार होते. हॉटेलात बसलं तर बिल कोणी द्यायचं यावरून मूळ वादापेक्षा मोठा वाद होतो, कारण दोघांनाही द्यायचं असतं. तेव्हा दोघांची आहे आणि दोघांचीही नाही अशी एकच जागा उरली, तो तुकडा. तुकड्यावर सावली फक्त पाळणाघरात. म्हणून पाळणाघराच्या जागेचा प्रश्न सोडवायला ज्या दिवशी बैठक, त्या दिवशी पाळणाघर बंद.

गुरुवारी इथल्या कंपन्यांना सुट्टी असते, बैठक गुरुवारी घ्या, असं मी सुचवून पाहिलं. पण गुरुवारी मालोजीरावांचा उपवास असतो आणि उपाशीपोटी ते तडजोड करत नाहीत. रविवारी लग्नं असतात.

मी या बैठकांना निरीक्षक होते. मी मालोजीरावांची चुलत बहीण आणि भिमाजीआण्णांच्या बायकोची, म्हणजे अंबूबाईची, मामेबहीण. दोन्हीकडून सारखीच लांबची असल्यामुळे माझी तटस्थता सर्वमान्य होती. निरीक्षकाने चहा गाळायचा असतो. दीपमाला सासरी असली की मला आत्या म्हणते आणि माहेरी असली की मावशी, त्यामुळे तिच्या हाकेवरून राजदूत सध्या कुठल्या देशात आहे हे मला स्वयंपाकघरातूनच कळायचं.

बैठकीत लेकरांच्या सतरंजीवर समोरासमोर मांडी घालून दोन्ही सरकारं बसत. मागे ‘ससा’ आणि ‘हत्ती’चा तक्ता. बाहेर अंबूबाई आणि मालोजीरावांच्या इंदुताई एकमेकींच्या साडीचं कौतुक करत, आणि कौतुक फार वाढलं की आत काहीतरी बिनसलंय असं समजायचं.

“पाव्हणं, तुमी म्हणाल तसं,” भिमाजीआण्णा सुरुवात करत.

“आमचं काय म्हणणंच न्हाई, पाव्हणं,” मालोजीराव म्हणत.

“आसं कसं? तुमी मुलाकडचं.”

“म्हणून तर न्हाई म्हणणं.”

इथे नवख्या माणसाचा गैरसमज होतो की प्रश्न सुटला. या भाषेचा थोडा अभ्यास लागतो. ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणजे आम्हाला मान्य नाही. ‘आमची काही अपेक्षा नाही’ म्हणजे ती तुम्हाला न सांगता कळायला हवी होती. ‘आपण घरातलीच माणसं’ म्हणजे वकिलाशी बोलणं झालेलं आहे. आणि ‘आधी जेवून घ्या’ म्हणजे बोलणी फिसकटली. माझ्या अंदाजाने वाटाघाटींचा निम्मा वेळ आग्रह करण्यात, पाव वेळ तो मोडून काढण्यात, आणि उरलेला ‘निघतो आता’ म्हणून न निघण्यात जातो. मूळ विषय निघतो तो चपला घालताना.

“दगड कुठं व्हता तेवढं सांगा,” भिमाजीआण्णा एक पाय चपलेत घालून म्हणत.

“दगड तुमीच काढला.”

“जेशीबी दोघांचा व्हता, पाव्हणं.”

“डायवर तुमचा व्हता.”

“त्याला च्या तुमी पाजला!”

यानंतर राजदूत परत बोलावले जात. म्हणजे भिमाजीआण्णा दोन दिवसांनी निरोप पाठवत, “पोरीला जरा माहेरी पाठवा, आईला करमत न्हाई.” आई पंधरा पावलांवर. दीपमाला बॅग भरून तुकडा ओलांडून जाई. ती माहेरी असली की सासरचे पत्रे तिच्या पाळणाघरावर असणं मालोजीरावांना अपमानाचं वाटे आणि ते पत्रे उतरवून नेत. ती सासरी परतली की पत्रे चढत आणि खांब हलू लागत. तीन-चारदा असं झाल्यावर तिने बॅग घरी न्यायचीच सोडली. ती शेडमध्ये लेकरांच्या उशांशेजारी ठेवलेली असे.

“ताई, तुमचं भांडण नक्की कधी आस्तं तेवढं आधी सांगत जावा,” तनुजा तिला एकदा म्हणाली. “मी तसा खाडा मागून ठेवते.”

“भांडण नाही गं. चर्चा आहे.”

“भांडण बरं आस्तं मग. आमच्याकडं भांडण एका दिवसात आटपतंय.”

असं चालू असताना अधिक महिना आला. हा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, आणि त्यात सासरे जावयाला धोंडे जेवायला बोलावून वाण देतात: तेहेतीस अनारसे, वर चांदीचा दिवा. जावई आणि मुलगी म्हणजे त्या दिवशी साक्षात लक्ष्मीनारायण; त्यांना दिलेलं परत घेत नाहीत आणि त्यांनी ते नाकारायचं नसतं. परराष्ट्र मदतीचा इतका निर्दोष नमुना मी दुसरा पाहिलेला नाही. घेणाऱ्याला नको म्हणायची सोयच ठेवलेली नाही.

भिमाजीआण्णांनी दारात मंडप घातला. मालोजीराव सहकुटुंब हजर. मंडप रस्त्यापर्यंत आल्यामुळे पाळणाघराची वाट बंद, पण त्या दिवसापुरतं कोणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं. सगळ्या भाडेकरूंनाही जेवण होतं, कामावर नसतील त्यांना. पुरणाचे धोंडे वाढून झाले. कुलदीप आणि दीपमाला पाटावर बसले. भिमाजीआण्णांनी अनारशांचं ताट कुलदीपच्या हाताशी नेलं, आणि त्याच क्षणी फोटोवाल्याने आपला झगझगीत दिवा लावला. भिमाजीआण्णांना उजेडात बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी पंगतीला आग्रह करणाऱ्या आचाऱ्याच्या हातातला माईक घेतला.

“जावईबापू, अनारसे समदेच देत्यात. आमी आज आमच्या मालकीचा शिवंवरचा तुकडाबी तुमाला वाण दिला!”

टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर लोकांच्या लक्षात यायला लागलं.

वरवर पाहता हे शतकातलं सगळ्यांत उदार भाषण होतं. एका सरकारने वादग्रस्त प्रदेश आपण होऊन दुसऱ्याला देऊन टाकला. पण देणार कोण? ज्याचं आहे तो. घेतलं, तर ते भिमाजीआण्णांचं होतं हे कबूल. नाकारलं, तर लक्ष्मीनारायणाचं वाण झिडकारलं. मालोजीरावांच्या तोंडात अर्धा धोंडा होता. तो त्यांना गिळताही येईना.

कुलदीप ताटाला दोन बोटं लावून बसला. त्याने ते घेतलंही नाही आणि सोडलंही नाही. तो कंपनीत क्वालिटीला आहे. तिथे ज्या मालाचं काय करायचं ते ठरत नाही तो असाच पिवळ्या चौकटीत ठेवून देतात.

“भावा, हात तरी वर घे, फोटो हलतोय,” फोटोवाला म्हणाला.

मालोजीरावांनी अखेर धोंडा गिळला. “आमचाच तुकडा आमाला वाण व्हय, पाव्हणं?”

“तुमाला कुठं? जावयाला.”

“जावई तुमचा, पोरगा आमचा हाय!”

“म्हणूनच दिला की. तुमी म्हणाल तसं.”

मालोजीराव जेवून गेले (जेवण टाकणं हा युद्धाचा इशारा असतो, आणि कोणालाही युद्ध नको होतं). आठवडा त्यांनी विचारात काढला. मग त्याच तुकड्यावर छोटा मंडप घालून सुनेची ओटी भरायचा कार्यक्रम ठेवला. खण, नारळ, तांदूळ, आणि वर इंदुताईंच्या हस्ते ‘आमच्या मालकीचा शिवेवरचा तुकडा’. माईक भाड्याने आणला होता. भिमाजीआण्णांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, त्यामुळे त्यांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

असा हा प्रदेश पंधरा दिवसांत दोनदा दान झाला. जगात जमिनीसाठी माणसं एकमेकांचे गळे धरतात. आमच्याकडे जो तो ती देऊन टाकायला धडपडत होता. मला अभिमान वाटला. तनुजाला वाटला नसावा. दोन्ही कार्यक्रमांच्या दिवशी पाळणाघर बंद होतं. पहिल्या दिवशी सुजितने आजारी पडून सोनूला सांभाळलं, दुसऱ्या दिवशी तनुजाने ठेकेदाराला दूरची एक चुलती वारल्याचं कळवलं. “आता मारायला कुणी उरलं नाही, ओ,” ती मला म्हणाली. “पुढचा कार्यक्रम झाला तर मला खरंच कुणीतरी गाठावं लागतंय.”

दीपमाला हे ऐकत होती. ती फार बोलत नाही. दुसऱ्या दिवशी तिने निरोप पाठवून दोन्ही सरकारांना शेडमध्ये बोलावलं. बैठक तिने बोलावलेली ही पहिलीच, आणि लेकरांना तिने बाहेर काढलं नाही. त्यामुळे मालोजीरावांना एका झोपलेल्या बाळाशेजारी अंग चोरून बसावं लागलं आणि भिमाजीआण्णांच्या मांडीवर सोनू येऊन बसली.

“आण्णा, तुम्ही हा तुकडा आम्हाला दिलात ना?”

“दिला की. समद्यांदेखत.”

“मामा, तुम्हीपण दिलात?” (सासऱ्यांना ती मामा म्हणते.)

“व्हय. ओटीत घातला.”

“मग कोणाचाही असू दे, आता आमचा झाला. दोघांनीही दिलाय, भांडण मिटलं. मी इथे विटांची खोली बांधते. तुमचे खांब तुम्हाला, तुमचे पत्रे तुम्हाला. पाळणाघर आता बंद राहायचं नाही.”

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. इतकी सरळ गोष्ट या शेडमध्ये कोणी बोललं नव्हतं.

दोन्ही सरकारांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याने देवापुढचा नैवेद्य उचलून खाल्ला तर पुजाऱ्याला जसं होईल, तसं काहीतरी होतं.

“अगं,” भिमाजीआण्णा म्हणाले, “दिलं म्हंजे काय दिलं का?”

“बरोबर हाय पाव्हण्यांचं,” मालोजीराव म्हणाले, आणि हे म्हणताना स्वतःच दचकले, कारण लग्नापासून हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. “सूनबाई, देनं येगळं आन् घेनं येगळं.”

“घ्यायचं नव्हतं, तर दिलंत कशाला?”

“द्यायचा हक कुनाचा, ते दाखवाया!” दोघंही एकदम म्हणाले. मग एकमेकांकडे बघून हसले.

मदतीच्या तत्त्वज्ञानाचा हा गाभा मला तोवर समजलेला नव्हता. मदत देणाऱ्याला शोभा देते. घेणाऱ्याने हात पुढे करावा, कृतज्ञ व्हावं, फोटोत हलू नये. पण ती वस्तू खरोखर वापरायला काढणं हा अतिरेक झाला. अशा अतिरेकी प्रवृत्तीसमोर मित्रराष्ट्रांनी एकत्र यायचं नाही तर कधी?

ते एकत्र आले. बाहेर जाऊन उभ्याउभ्या बोलले. आग्रह नाही, टॉवेल-टोपी नाही. चहाला उकळी फुटायच्या आत करार झाला, आणि चहा त्यांनी पिऊनही पाहिला नाही. तुकडा दोन्ही घरांचा. कोणा एकाचा नाही, म्हणून कोणीही त्यावर काही बांधायचं नाही. आणि कोणीही म्हणजे पोरांनीही नाही. तो मैत्रीची खूण म्हणून कायमचा मोकळा राहील. खांब माहेरी, पत्रे सासरी, त्याच दिवशी. न्याय इतका चोख होता की पंख्याची पातीसुद्धा मोजून गेली.

“आण्णा, उद्या पोरं कुठे ठेवू?” दीपमालाने विचारलं.

“बघू की. आदी जेवून घे.”

संध्याकाळपर्यंत शेड उतरली. व्याहीभेट पुन्हा झाली. या वेळी उचलण्याचा प्रयत्न दोघांनीही टाळला. तुकड्याच्या मधोमध मोठा फ्लेक्स लागला. त्यावर दोघांचे हात जोडलेले फोटो, फोटोंखाली नावं आणि त्याखाली अक्षरं: ‘नातं मोठं, माती छोटी’. फ्लेक्सचे बांबू दोघांनी एकेक दिले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टच्या बायका लेकरं कडेवर घेऊन आल्या. जमीन झाडून स्वच्छ केलेली होती. दीपमाला तिथे बॅग घेऊन उभी होती. तिने मला हाक मारली नाही, त्यामुळे ती कुठल्या देशात आहे हे मला कळू शकलं नाही. सोनू फ्लेक्सजवळ गेली, वर बघितलं आणि तिला येत होती तेवढी दोन्ही नावं मोठ्याने वाचून दाखवली.

“शेड कुठंय, ताई?” तनुजाने विचारलं.

“समेट झाला,” दीपमाला म्हणाली.

“आन् लेकराला काय डब्यात घालून न्यावं कंपनीत?”

तेवढ्यात वळणावर बस आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला.

ही हकीकत मी तेव्हापासून पिंपरी कॅम्पातल्या साडीच्या दुकानापासून रहाटणीच्या हळदीकुंकवापर्यंत बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. लोक मन लावून ऐकतात आणि संपल्यावर प्रश्न विचारतात. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना तुकडा शेवटी कोणाच्या नावावर लागला हे जाणून घ्यायचं असतं. पुष्कळांना तिथला आजचा भाव हवा असतो. काहींना शीव नक्की अलीकडून की पलीकडून याचा छडा लावायचा असतो, आणि एका बाईंनी अनारसे तुपातले होते की तेलातले, हे विचारलं. हे सगळे प्रश्न योग्यच आहेत, आणि तुम्ही विचारायला तोंड उघडलंत तोही त्यांतलाच आहे, हे मला दिसतंय. नावावर अजून कोणाच्याच नाही. भाव चढलाय म्हणतात. शीव कुठून जाते ते दगडालाच ठाऊक. अनारसे तुपातले होते.

त्या दिवशी सोनू कुठे राहिली, आणि आता कुठे असते, तेही मला माहीत आहे. ते सांगायची अजून कुठे वेळ आलेली नाही.